तैगाच्या मातीतले सूक्ष्मजीव आणि नत्राचा अतिरेक : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तरेकडच्या थंड जंगलांच्या मातीत नत्राचे प्रदूषण काय करते हा विषय काढला की गोव्यात समोरून ठरलेले दोन सवाल येतात. ‘इतक्या लांबचे आम्हाला कशाला?’ हा पहिला आणि ‘नत्र म्हणजे खतच ना?’ हा दुसरा. सगळी गोम दुसऱ्यात आहे. म्हणून मुलांनी, बागायतदारांनी आणि पावसाळ्यात सडे तुडवत फिरणाऱ्या हौशी मंडळींनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

तैगा म्हणजे नेमके कुठले जंगल?

भूगोलाच्या पुस्तकात सूचिपर्णी अरण्यांचा जो पट्टा दाखवतात तो. साधारण ५० ते ७० अंश उत्तर अक्षांशांमध्ये अलास्का, कॅनडा, नॉर्वे-स्वीडन-फिनलंड आणि तिथून सैबेरियाच्या पूर्व टोकापर्यंत. जगातल्या एकूण जंगलक्षेत्राचा पाव भागाहून थोडा जास्त हिस्सा एवढ्या एका पट्ट्यात आहे. पाइन, स्प्रूस, लार्च, मधूनमधून बर्च. त्याखाली रानटी ब्लूबेरीची गुडघ्याखालची झुडपे आणि अगदी जमिनीला मॉसची जाड गादी. याला बोरियल जंगल असेही म्हणतात.

या जंगलातला कार्बन उभ्या झाडांपेक्षा मातीत जास्त आहे. मातीतल्या जिवांचे काही बिघडले तर त्याची झळ हवामानापर्यंत पोचते ती यामुळे.

नत्र म्हणजे खत. खत मिळाले तर जंगल फोफावेल, त्यात वाईट काय?

फोफावते, हे खरे आहे. लाकडासाठी राखलेल्या स्वीडनमधल्या जंगलांत मुद्दाम एका वेळी हेक्टरी १५० किलोच्या आसपास नत्र टाकतात आणि खोडे जाड होतात. वरून पाहणाऱ्याला तक्रारीला जागाच दिसत नाही.

पण तैगाची सगळी घडी टंचाईवर बसलेली आहे. थंडीमुळे कुजणे संथ, मातीचा सामू ४ च्या आसपास, म्हणजे चांगलीच आम्ल. नत्र मातीत भरपूर असते, पण ते पाचोळ्यातल्या आणि मेलेल्या मुळांतल्या किचकट रेणूंमध्ये अडकून पडलेले. ते सोडवणे झाडाला एकट्याने जमत नाही, बुरशीला जमते. झाड बुरशीला साखर देते, बुरशी झाडाला नत्र आणून देते. नत्र आयते आभाळातून पडायला लागले की या व्यवहारातली झाडाची गरज संपते. घरपोच डबा सुरू झाल्यावर स्वयंपाकाच्या बाईंचा पगार कोण चालू ठेवणार? झाडही ठेवत नाही. बाकीचे बरेचसे परिणाम या एका गोष्टीतून निघतात.

तिथे शेती विरळ, माणसे विरळ. मग नत्र येते कुठून?

हवेतून. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन वायूच असतो, पण तो निष्क्रिय. झाडाला त्याचा उपयोग शून्य. गाड्या, जहाजे आणि वीजकेंद्रे यांच्या धुरातून नायट्रोजन ऑक्साइड निघतात; गुरांच्या गोठ्यांतून आणि युरियासारख्या खतांतून अमोनिया निघतो. हे वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि पावसाबरोबर, बर्फाबरोबर किंवा कोरडेच खाली उतरतात. स्वीडनचा दक्षिण भाग युरोपच्या शेती-उद्योगाच्या जवळ, त्यामुळे तिथे जास्त पडते. उत्तरेकडे वर्षाला हेक्टरी काही थोडे किलो.

मुळात एवढे क्रियाशील नत्र जगात आले ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरच्या अमोनियापासून. १९०९ मध्ये त्याने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया प्रयोगशाळेत करून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला. निम्म्या जगाचे ताट त्यावर चालते, तेव्हा त्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही.

किती म्हणजे जास्त?

हा आकडा ऐकून आपल्याकडचे शेतकरी हसतात. २०१८ मध्ये युरोपातल्या २० देशांमधल्या जंगलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झाडांच्या मुळांवरच्या बुरशींचा समाज बदलू लागतो ती सीमा त्यात निघाली वर्षाला हेक्टरी ५.८ किलो नत्र.

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ५.८ किलो नत्र म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास युरिया. ४५ किलोच्या गोणीतला पाव हिस्सा आणि वर थोडा, आणि तोही अख्ख्या हेक्टरवर, वर्षभरात. एका चौरस मीटरला सव्वा ग्रॅम. चिमूटभर. सुधारित भाताला आपण हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्र देतो, त्यापुढे हे काहीच नाही असे वाटणे साहजिक आहे. पण भाताचे पीक आपण दरवर्षी कापून नेतो, त्याबरोबर नत्रही जाते. तैगात कोणी कापणी करत नाही, आणि तिथली चिमूट दरवर्षी आधीच्या चिमटीवर पडत राहते.

तिथल्या मातीत असते तरी काय?

मॉसची गादी हाताने उचलली तर खाली काळपट तपकिरी, ओलसर, तंतुमय थर लागतो. अर्धवट कुजलेल्या सुया, साल, मुळांचे केस. हा थर हातात धरला तर सुटा होत नाही, कापडासारखा फाटतो, कारण त्याला बुरशीच्या धाग्यांनी शिवून टाकलेले असते. त्याखाली राखेच्या रंगाचा फिकट थर. त्यातले लोह धुपून खाली गेलेले असते. आणखी खाली गंजासारखा तांबूस थर, जिथे ते लोह जाऊन बसलेले असते. आपल्याकडे चिरेखाणीच्या कडेला वरपासून खालपर्यंत तांबडेच दिसते, तशी ही माती नव्हे.

भिंगातून पाइनचे कोवळे मूळ पाहिले तर टोकाला मूळरोम दिसतच नाहीत. टोक आखूड, जाडसर, कधी दुभंगलेले, आणि त्यावर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी आवरण. ते आवरण बुरशीचे. त्यातून निघालेले धागे मातीत लांबवर जातात. या भागीदारीला एक्टोमायकोरायझा म्हणतात. रसुला, लॅक्टेरियस, सुइलस, कॉर्टिनेरियस या तिथल्या ठळक बुरशी. ब्लूबेरीच्या झुडपांची मायकोरायझा आणखी वेगळ्या प्रकारची. याशिवाय पाचोळा कुजवणाऱ्या स्वतंत्र बुरशी आणि जिवाणू असतात, ते वेगळेच.

झाड बुरशीला खरेच इतके देते?

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेला स्वीडनमधला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. संशोधकांनी पाइनच्या खोडांची साल गोलाकार सोलून काढली. पाणी वर चढत राहिले, पण पानांतली साखर खाली उतरायची वाट बंद झाली. पाच दिवसांत मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ३७ टक्क्यांपर्यंत घटला, महिना-दोन महिन्यांत ही घट सुमारे ५४ टक्क्यांवर गेली. म्हणजे तिथली माती जो ‘श्वास’ सोडते त्यातला निम्मा नुकत्याच पानात तयार झालेल्या साखरेवर चाललेला असतो. मुळे आणि त्यांच्या बुरशी यांचा हा खर्च.

जास्त नत्र मिळालेले झाड साल न सोलताच हा खर्च कमी करते. खोडाकडे आणि पानांकडे जास्त, मुळांकडे कमी.

मग सगळ्या बुरशी मरतात का?

नाही. काहींचे चांगलेच फावते.

अलास्कातल्या केनाई द्वीपकल्पावर अमोनिया बनवणारा एक कारखाना होता. त्याच्यापासून जसजसे लांब जावे तसे पडणारे नत्र कमी होत जाई, त्यामुळे संशोधकांना आयती मोजपट्टी मिळाली. लांबच्या, कमी नत्राच्या जागी स्प्रूसच्या मुळांवर मायकोरायझा बुरशींच्या तीसहून अधिक जाती, कारखान्याजवळ नऊ. पहिल्या गेल्या त्या किचकट सेंद्रिय पदार्थ फोडून नत्र काढणाऱ्या, लांब धागे टाकणाऱ्या. कॉर्टिनेरियस हे त्यातले नेहमीचे उदाहरण. मागे उरतात त्या फुकटचे नत्र सहन करणाऱ्या, झाडाकडून थोडक्यात भागवणाऱ्या.

म्हणून ‘बुरशीचे वजन किती कमी झाले’ एवढाच आकडा विचारणे मला अपुरे वाटते. जगभरच्या प्रयोगांची २००८ मध्ये सांगड घातली तेव्हा नत्र दिल्यावर सूक्ष्मजीवांचे एकूण वजन सरासरी १५ टक्के घटलेले दिसले. पण गेले कोण आणि राहिले कोण, हे त्या पंधरा टक्क्यांत कळत नाही.

जिवाणूंचे काय होते?

बुरशीचा पगडा कमी होऊन तुलनेने जिवाणूंचा वाटा वाढतो, असे बहुतेक ठिकाणी दिसते. अमोनियाचे नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव तैगात एरवी दबलेले असतात, कारण त्यांच्यासाठी अमोनिया उरतच नाही. नत्राची रेलचेल फार झाली की ते डोके वर काढतात. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर ओढ्यात जाते. मात्र तैगाची माती बरीच वर्षे आलेले नत्र गिळून बसते, त्यामुळे हा टप्पा उशिरा येतो.

मॉसची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. त्या गादीतल्या एका सर्रास आढळणाऱ्या मॉसच्या पानांवर नॉस्टॉकसारखे सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे जिवाणू) राहतात आणि हवेतले नत्र बांधतात. उत्तर स्कँडिनेव्हियात ते वर्षाला हेक्टरी दीड ते दोन किलो भरते, हे २००२ मध्ये मोजले गेले. टंचाईतल्या जंगलाला ही मिळकत मोठी. वरून नत्र पडू लागले की हे काम मंदावते. बाहेरून आलेल्या किलोतून घरचा बुडालेला हिस्सा वजा करायचा असतो, तो बहुतेक जण विसरतात.

नत्रामुळे माती जास्त कार्बन साठवते असे वाचले. मग हे हवामानाच्या दृष्टीने चांगलेच ना?

वाचलेले चूक नाही. लाकूड आणि पाचोळा यांतले लिग्निन, म्हणजे त्यांना टणक करणारा पदार्थ, फोडणारी एन्झाइम जास्त नत्रात मंदावतात, कुजणे रेंगाळते आणि वरच्या थरात कार्बन साचत जातो. उत्तर स्वीडनमध्ये स्वार्टबेर्गेट इथे १९९६ पासून हेक्टरी १२.५ किलो आणि ५० किलो असे नत्र देऊन हे तपासत आहेत. २०२१ मध्ये दुसरा दुवाही जुळला: कॉर्टिनेरियसमधला एक ठरावीक गट ज्या जंगलात आहे तिथल्या वरच्या सेंद्रिय थरात कार्बन सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. हीच बुरशी नत्राच्या शोधात तो थर फोडत असते. तिला हटवले की कार्बन पडून राहतो.

पण त्याच कार्बनबरोबर झाडांचे अन्नही अडकून पडते. ते सोडवणारी बुरशी गेलेली, आणि उद्या हवा स्वच्छ झाली तर आभाळातला पुरवठाही थांबणार. शिवाय साठ्याचा उगम फक्त पाचोळ्यात नाही. स्वीडनमधल्या सरोवरांतल्या जंगली बेटांवर २०१३ मध्ये दिसले की मातीतल्या साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के मुळे आणि त्यांच्यावरच्या सूक्ष्मजीवांतून आलेला आहे. मुळांकडची साखर घटली तर ही आवकही घटते. एका हाताने खर्च कमी, दुसऱ्या हाताने मिळकत कमी. आजची शिल्लक वाढलेली दिसते म्हणून प्रदूषणाच्या खात्यावर ती ‘फायदा’ म्हणून मांडणे मला पटत नाही.

वरच्या झाडाझुडपांत काही दिसते का?

दिसते. जंगली ब्लूबेरीच्या पानांवर तपकिरी ठिपके पाडणारी एक रोगकारक बुरशी नत्र वाढले की बळावते. पाने वेळेआधी गळतात, खाली उजेड पडतो आणि त्या जागी गवत शिरते. माणसाला हे पाच-दहा वर्षांत डोळ्यांनी दिसू शकते. पण तोवर मातीतला बदल बराच पुढे गेलेला असतो.

नत्र बंद केले तर माती पूर्ववत होते?

इथे दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही खरी आहेत. उत्तर स्वीडनमध्ये नॉर्लिडेन इथे पाइनच्या जंगलात १९७१ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल ओलोफ टाम यांचा दीर्घ प्रयोग सुरू झाला. सगळ्यात जड मात्रा दिलेल्या तुकड्यांना १९९० नंतर नत्र देणे बंद केले. पुढच्या दीडेक दशकात तिथल्या मायकोरायझा बुरशी बऱ्याच अंशी परतल्या, आणि नत्राला महाग असलेले जंगल पुन्हा दिसू लागले. याउलट दुसऱ्या एका जुन्या प्रयोगाच्या जागी नत्र थांबवून ४७ वर्षे झाल्यावरही मॉस आणि भुछत्रांमध्ये फरक उरलेला होता.

म्हणजे भागीदारी तुलनेने लवकर जुळते, भागीदार तेच परत येतील याची खात्री नाही. युरोपात हवेच्या प्रदूषणावरच्या १९९९ च्या गोथेनबर्ग करारानंतर नायट्रोजन ऑक्साइड बरेच घटले. अमोनिया फारसा घटला नाही, कारण त्यासाठी गोठा आणि खत यांना हात घालावा लागतो.

आपल्या सह्याद्रीतही हेच होत असेल का?

जसेच्या तसे नाही. कोणी तसे सांगत असेल तर सावध राहा. आपल्याकडची बहुतेक झाडे, काजू, आंबा, माड, पोफळीसकट, वेगळ्या प्रकारची मायकोरायझा धरतात. तिचे धागे मुळाच्या पेशीत शिरतात आणि मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात. जांभ्याच्या मातीतले लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवते, त्यामुळे इथली ओढाताण बहुधा स्फुरदाची. त्यात उष्णता आणि तीनेक हजार मिलिमीटर पाऊस. पाचोळा दोन पावसाळ्यांत मातीत जिरतो. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या प्रकारच्या मायकोरायझावर बरीच वर्षे काम झालेले आहे.

तैगाचा गोव्यातला जोडीदार शोधायचाच असेल तर मी जंगलाऐवजी सड्याकडे बोट दाखवीन. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर वीतभरही माती नसलेल्या जागी सीतेची आसवे आणि दवबिंदू फुलतात. दोघेही बारीक जीव पकडून नत्र मिळवतात, कारण पायाखाली ते नाही. टंचाईवर घडी बसलेली जागा ही. तिथे शेणखताच्या गोण्या रित्या केल्या, गुरे बांधली किंवा सांडपाणी सोडले की गवत माजते आणि ही चिमुकली झाडे उजेडाला महाग होतात.

खाणींच्या टाकाऊ मातीवर लावलेल्या अकेशियाने नत्र वाढते. तेही प्रदूषणच का?

डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणात लावला गेला तो याच गुणासाठी. तिथे माती म्हणून काही नव्हतेच, म्हणून नत्र बांधणारे झाड तिथे कामाचे. तेच झाड सड्यावर लावणे ही वेगळी गोष्ट झाली, आणि माझ्या मते ती करू नये.

म्हणजे काजूला, कुळागराला युरिया घालायचाच नाही?

असे कुठे म्हटले नाही. बाग म्हणजे जंगल नव्हे. काजू, सुपारी, नारळ आपण काढून नेतो. फक्त मातीपरीक्षण करून घाला, जुने गोव्यातल्या एला इथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेचा सल्ला घ्या, आणि ऐन मुसळधार पावसात एकदम टाकू नका. तो कुळागराला न मिळता व्हाळातून नदीत जातो.

दुकानात मिळणारी मायकोरायझा पावडर तैगात टाकली तर?

उपयोग नाही. ती आपल्या पिकांच्या प्रकारची असते, पाइन-स्प्रूसच्या मुळांना चालत नाही. शिवाय बुरशी तिथे कमी आहे ती बियाण्याअभावी नाही, झाड साखर देईना म्हणून.

हल्ली अळमी कमी मिळतात, त्यालाही नत्रच कारण?

रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची अळमी झाडाच्या मुळांवर वाढत नाहीत. ती वाळवीने आपल्या वारुळात पोसलेली बुरशी. तिचे गणित वाळवीशी, वारुळाशी आणि काढणाऱ्यांच्या घाईशी आहे. तैगाचा दाखला इथे लावू नये.

वास्कोतली ध्रुवीय संशोधन संस्था यावर काम करते का?

हा प्रश्न नेहमी येतो. सडा-हेडलँडवरच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रामार्फत भारताचे ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८ पासून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर चालते. पण हे ठाणे ७८ अंशांच्याही वर आहे. तिथे जंगल नाही, टुंड्रा आहे. तैगा त्याच्या बराच दक्षिणेला.

नत्राची गोव्याशी जोडलेली खरी गोष्ट समुद्रात आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या तळच्या पाण्यात प्राणवायू संपतो आणि तिथले जिवाणू नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बनवतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट ऊब धरतो. जमिनीवरून वाहून जाणारे खत या प्रकाराला आणखी जोर देऊ शकते, असा त्यांचा इशारा होता.

शाळेच्या प्रकल्पासाठी काही करून बघता येईल?

येईल, आणि फार खर्चही नाही. चहाच्या पिशव्या घ्या, वाळवून शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा, नंबर घाला आणि सुमारे ८ सेंटिमीटर खोल पुरा. काही जिथे नेहमी युरिया पडतो त्या बागेत, काही तशाच पण खत न घातलेल्या भाटात, प्रत्येकी निदान दहा. तीन महिन्यांनी काढा, माती झटका, पुन्हा वाळवून वजन करा. घटलेले वजन म्हणजे सूक्ष्मजीवांनी फोडलेला चहा. जगभरात हीच पद्धत ठरावीक चहा वापरून चालते. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर सुरू करा, नाहीतर पाणी साचून आकडे बिघडतात. पिशवी नायलॉनच्या जाळीची हवी. कागदी पिशवी चहाच्या आधी स्वतःच कुजते. आणि पुरलेल्या जागी काठी रोवून ठेवा, तीन महिन्यांनी नेमकी जागा सापडत नाही.